मुदत उलटलेलं

बकी नावाचं बंदर, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर.
तिथल्या वाचनालयात एल्स्पेथ काउई
नव्याने लागलेल्या मुलीला शब्द शिकवते आहे.

हे बघ कर्स्टी, मुदत उलटली तरी आलं नाही, ते ओव्हरड्यू.
त्याची वाट पाहायची. रोजचे दहा पेन्स.
फळीवर असायला हवं आणि नाही, ते मिसिंग.
ते आपण घालवलं, वाचकाला बोलायचं नाही.
आणि वाचकाने नेलं, त्याच्याच हातून गेलं, ते लॉस्ट.
किंमत वसूल करायची, नोंद मिटवायची.
मिटवलेली नोंद पुन्हा उघडत नाही, जपून.

हेच शब्द बंदराच्या कचेरीतही असतात,
तिथे त्यांना डिझेलचा वास येतो.

'सिल्व्हर क्वेस्ट' मंगळवारी पहाटे यायची होती.
बुधवारी दुपारी फोनवर हार्बरमास्टर म्हणाला, ओव्हरड्यू.
एल्स्पेथला चक्क हसू आलं होतं.
ॲलिस्टर कधी वेळेवर आला होता?
स्वतःच्या लग्नाला वीस मिनिटं उशिरा,
आणि तेही एका पायात निळा मोजा, एका पायात करडा.

शनिवारी हेलिकॉप्टर परतलं
आणि शब्द बदलला.
मिसिंग, ते म्हणाले, टोपी हातात घेऊन.
तिला विचारावंसं वाटलं,
कुठल्या फळीवर असायला हवा होता तो?

मग लोक आले, सूप घेऊन, केक घेऊन.
एल्स्पेथ, तू नवरा लॉस्ट केलास, फार वाईट वाटतं.
असंच बोलतात तिकडे, वाक्याचा कर्ता तीच.
जणू छत्री बसमध्ये राहावी
तसा तो तिच्या हातून कुठेतरी राहिला.

माझ्या भाषेत 'हरवला' म्हटलं तर
सापडत नाही, हा एक अर्थ,
आणि कुणीतरी त्याला हरवलं, हा दुसरा.
त्यांच्या लॉस्टमध्येही ती सामना गमावल्याची कुरकुर आहेच.
पण ॲलिस्टर समुद्राशी कधी झुंजला नव्हता.
तो तिथे कामाला जायचा.
डबा घेऊन.

सात वर्षं झाल्यावर कोर्टाचा कागद आला.
त्यात नावामागे एक छोटा शब्द: लेट.
आपण कालवश म्हणतो,
माणूस काळाच्या ताब्यात गेला.
हे म्हणतात, उशीर झाला त्याला.
एल्स्पेथ त्या शब्दाकडे बराच वेळ बघत राहिली.
एवढा एकच खरा वाटला तिला,
ओळखीचा, दोन रंगांच्या मोज्यांचा.
तिने सही केली.
विम्याचे पैसे आले, त्यातून छप्पर शाकारलं.

आज कर्स्टीला पडद्यावर एक नोंद सापडली आहे.
मधमाश्या पाळण्यावरचं जाड पुस्तक,
वाचकाचं नाव ए. काउई, सात वर्षं चार महिने ओव्हरड्यू.
(बोटीवर वाचायला नेलेलं. परसात पेट्या ठेवायच्या होत्या त्याला.
एल्स्पेथने तेव्हाच सांगितलं होतं,
या वाऱ्यात माशी टिकायची नाही.)

कर्स्टी मागे न वळताच विचारते,
हे लॉस्टमध्ये टाकू ना?
दंड तर आठ पौंडांवर कधीच थांबलाय,
यंत्र पुढचं मोजत नाही.

एल्स्पेथ चष्मा पुसते.
खिशातली पर्स काढते, नाणी काउंटरवर मांडते,
जपून, एकेक, बोटाने सरकवत.
मी मोजते, म्हणते.
राहू दे आहे तसं.

तीन पौंड दहा.
जुलैचे एकतीस दिवस असतात.